वैशाखाचे ऊन आणि शेतातील श्रम : महाराष्ट्रातील काही रूढींचा इतिहास

महाराष्ट्राच्या कृषिजीवनाचा इतिहास लिहिताना जमीनमहसूल, वतने, कर्जबाजारीपणा आणि दुष्काळ या विषयांचा ऊहापोह विपुल झालेला आहे. त्या मानाने एका साध्या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष फारच थोडे गेले. चैत्र-वैशाखाच्या भर उन्हात जमीन कसणारा माणूस आपला देह कसा सांभाळीत आला, हा तो प्रश्न होय. दुपारचे औत सोडणे, आंबील पिणे, डोक्यास मुंडासे गुंडाळणे, बांधावरच्या झाडाखाली पाण्याचा डेरा ठेवणे या गोष्टी ग्रामीण जीवनाच्या वर्णनात येतात त्या केवळ शोभेसाठी. क्वचित् शेतकऱ्याच्या आळसाचा पुरावा म्हणूनही त्या मांडल्या गेल्या आहेत. वास्तविक त्या सर्व मिळून जीव वाचविणारी एक व्यवस्था होती. ती कोणाच्या वाट्यास आली, कोणास नाकारली गेली आणि पुढे कोणत्या कारणांनी तिचे सांधे निखळले, हे पाहिल्यावाचून तिचे मोल ध्यानात येत नाही.

प्रथम देहाची बाजू. श्रम करणाऱ्या शरीरात जी शक्ती खर्च होते तिचा बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावा लागतो. त्वचेचे तापमान सामान्यतः ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेपर्यंत शरीरातील उष्णता हवेत जाते. हवा त्याहून अधिक तापली की उलट हवाच शरीरास तापवू लागते. मग देहाजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घामाचे पूर्णपणे बाष्प झाले तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. परंतु घाम येणे वेगळे आणि तो वाळणे वेगळे. ठिबकून मातीत पडलेल्या घामाने काहीच साधत नाही. पाणी आणि मीठ मात्र जाते. इंग्लंडातील कॉर्नवॉलच्या खाणींत निरीक्षणे करून जे. एस. हॉल्डेन यांनी १९०५ साली दाखवून दिले की, श्रमिकाची सहनशक्ती साध्या तापमापकावर नव्हे, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकावर अवलंबून असते. हवेतील दमटपणा हा त्यातील मर्माचा भाग होय.

हे तत्त्व ध्यानी घेतले म्हणजे महाराष्ट्रात एक नव्हे, दोन उन्हाळे आहेत हे स्पष्ट होते. घाटमाथ्यावरील देश, खानदेश, मराठवाडा आणि वऱ्हाड-नागपूर या प्रदेशांत उन्हाळा कोरडा असतो. चंद्रपूर, नागपूर, अकोला येथे पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, झळा लागतात, ओठ फुटतात. पण घाम क्षणात वाळतो. कित्येकदा आपणास घाम येतच नाही असा श्रमिकाचा ग्रह होतो आणि तहान लागण्याच्या आतच शरीर शुष्क होते. कोकणात पारा सहसा ३५-३६ अंशांवर थांबतो. तरीही तेथील श्रम हलके नाहीत, कारण अंगावरचा घाम अंगावरच राहतो. जो माठ अकोल्यास पाणी गारेगार करतो तोच माठ रत्नागिरीस जेमतेम कोमट उतरवितो. माठ आणि मानवी देह यांचा थंड होण्याचा नियम एकच असल्यामुळे, एखाद्या गावचा उन्हाळा कोणत्या जातीचा आहे हे तेथील माठातील पाण्यावरून ओळखावयास हरकत नाही.

ग्रीष्मात कसे वागावे याविषयी लिखित परंपरा प्राचीन आहे. चरकसंहितेत आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येची प्रकरणे आहेत. त्यांत ग्रीष्मात व्यायाम आणि सूर्यकिरण वर्ज्य सांगितले आहेत. मधुर, लघु, शीत आणि द्रव अन्न घ्यावे, साखर घातलेले सत्तू प्यावे, थंड घरात दिवसा झोपावे असा उपदेश आहे. इतर ऋतूंत निषिद्ध मानलेली दिवसाची झोप ग्रीष्मात मान्य व्हावी, हे या शास्त्राच्या सूक्ष्म निरीक्षणाचे द्योतक होय. मात्र याच प्रकरणात खारट, तिखट आणि आंबट रस टाळावेत असेही वाग्भट सांगतो. आता हीच गोष्ट शेतकऱ्याच्या न्याहारीशी ताडून पाहावी. ज्वारी किंवा नाचणीचे पीठ आंबवून, ताक व मीठ घालून केलेली आंबील, मिठाचे ताक, कांदा, मिरचीचा ठेचा आणि भाकरी, कोकणात पेज व आमसुलाचे सार. ऋतुचर्येने जे वर्ज्य केले तेच येथे मुख्य अन्न आहे.

हा विरोध शास्त्र आणि अज्ञान यांतील नव्हे. ऋतुचर्या ज्याच्यासाठी लिहिली गेली तो गृहस्थ उन्हात जाणारच नव्हता. त्याचा घाम गळत नव्हता आणि त्यास मिठाची उणीव भासत नव्हती. दिवसभर नांगरामागे चालणाऱ्याच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत, प्रसंगी त्याहूनही अधिक, घाम जातो आणि त्याबरोबर मीठही. नुसते पाणी पिऊन ही तूट भरत नाही. उलट स्नायूंत पेटके येतात. इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत कामगारांना येणाऱ्या पेटक्यांचे हे कारण १९२३ च्या सुमारास उलगडले आणि पिण्याच्या पाण्यात मीठ मिसळण्याची शिफारस झाली. आंबिलीच्या वाडग्याने ते काम कोणत्याही शास्त्राची अनुज्ञा न घेता केव्हापासून चालविले होते, हे सांगावयास साधन नाही. कारण आंबील पिणाऱ्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत.

त्यांचे ज्ञान भाषेत मात्र उतरले आहे. ‘ऊन लागणे’ आणि ‘उन्हाळे लागणे’ हे मराठीतील दोन निराळे विकार होत. पहिल्यात भोवळ, ताप, वांती आणि शुद्ध हरपणे ही लक्षणे येतात. दुसऱ्यात लघवी थोडी, लाल व आगीसारखी होते. दुसरा विकार हा शरीरातील पाणी आटल्याची निशाणी आहे, हे आधुनिक वैद्यक सांगते. ग्रामीण भाषेने त्यास उन्हाळ्याचेच नाव देऊन कारण आणि कार्य यांची सांगड पूर्वीच घातली होती. ‘घोळणा फुटणे’, ‘घामोळे’, ‘झळ बसणे’, ‘डोळ्यांपुढे काजवे चमकणे’ हे शब्दही याच कोशातले. वेळेची मापेही पाहावीत. ‘दिवस कासराभर वर आला’ हे माप बैलाच्या दोरीचे आहे. कासराभर दिवस येण्यापूर्वी निम्मे औत झालेले असावे, हा त्यामागचा संकेत.

डोक्यावरील वस्त्राचा विचार थोडक्यात आटोपता येईल. पागोटे, मुंडासे, पटका, वऱ्हाडातील दुपट्टा आणि स्त्रियांचा पदर यांची कार्ये दोन. सूर्याचे सरळ किरण डोके, मान व कान यांवर पडू न देणे हे एक. आणि भिजवून गुंडाळल्यास बाष्पाने गारवा देणे हे दुसरे. मुंडाशात किंवा खिशात कांदा ठेवला असता ऊन बाधत नाही, ही समजूत मात्र निराधार आहे. तो कांदा खाल्ला तर थोडे पाणी पोटात जाईल एवढेच. तथापि या समजुतीस हसण्यापूर्वी राज्यकर्त्यांच्या समजुतीही पाहावयास हव्यात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हिंदुस्थानातील युरोपीय लोक सूर्याच्या विशिष्ट किरणांमुळे मेंदू व मज्जारज्जू बिघडतो असे मानीत. म्हणून भेंडाची सोला टोपी आणि पाठीच्या कण्यावर जाड कापडाची पट्टी यांचा आग्रह धरीत. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी ती टोपी टाकली आणि काहीच बिघडले नाही. अंगावर जाड कापडाची आणखी एक घडी चढविणारी ती पट्टी, खिशातल्या कांद्यापेक्षा अधिक अपायकारक होती असेच म्हणावे लागेल.

ऊन लागलेल्या माणसावर गावात जे उपचार होत त्यांतही ग्राह्य आणि त्याज्य भाग आहेत. त्यास झाडाखाली निजविणे, कपडे सैल करणे, अंगावर ओले फडके घालून वारा घालणे हे उपचार अचूक होत. शरीराच्या अंतर्भागाचे तापमान ४० अंशांवर गेले आणि माणूस बरळू लागला की पहिल्या अर्ध्या घटकेतच ते खाली आणावयास हवे. इस्पितळात नेण्याच्या गडबडीत गार करणे राहून गेले तर मेंदू व मूत्रपिंडे निकामी होतात. भाजलेल्या कैरीचा गर किंवा कांद्याचा रस अंगास चोळीत, त्यात गुण होता तो त्या ओलाव्याचा. मात्र शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पन्हे किंवा पाणी ओतण्याची रीत घातक होती. ते श्वासनलिकेत उतरून माणूस दगावण्याचा संभव असतो. शुद्धीवर असलेल्यास पन्हे, बेशुद्धास केवळ बाहेरून पाणी, हा भेद परंपरेने कटाक्षाने पाळला नाही.

पाणी पाजणे हे पुण्यकर्म मानले जाई याचे या भूमीतील पुरावे फार जुने आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा जो कोरीव लेख आहे, त्यात त्याने इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट नावा चालविल्याचे आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा, म्हणजे विसाव्याच्या जागा व पाणपोया, बांधल्याचे नमूद आहे. ही गोष्ट इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमाराची. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत पाणपोईवर पाणी घालणारी प्रपापालिका आणि तहानलेला पांथस्थ ही पात्रे येतात. माध्यान्हीच्या उन्हाच्या भयाने सावलीदेखील देहाखाली दडून बसते ही कल्पनाही त्याच संग्रहात आहे. पुढे अक्षय्य तृतीयेस पितरांच्या नावे उदककुंभ देण्याची, चैत्रात गौरीच्या हळदीकुंकवास पन्हे देण्याची आणि उन्हाळाभर रस्त्याकडेस पाणपोई घालण्याची रूढी चालत आली. या सर्वांत एक गोष्ट समान आहे : पाणी मिळावयाचे ते वाटसरूस, ब्राह्मणास, सुवासिनीस. शेतात राबणाऱ्याच्या पाण्याची सोय हा दानाचा विषय झालाच नाही. ते त्याने घरून तुंब्यात अथवा केळीत आणावयाचे किंवा धन्याच्या विहिरीवर प्यावयाचे.

आणि धन्याच्या विहिरीवर सर्वांस पिता येत नसे. उन्हाळी शेतश्रमाचा इतिहास येथे जातिव्यवस्थेच्या इतिहासास मिळतो, आणि याच ठिकाणी अभ्यासकाने थांबावयास हवे. अस्पृश्य मानलेल्या जातींचे स्त्री-पुरुष खुरपणी, काढणी, मळणी अशा सर्व कामांस शेतात हवे असत. पण ज्या विहिरीच्या पाण्यावर ते पीक वाढले तिच्या काठावर त्यांनी पाऊल ठेवावयाचे नाही, अशी रीत होती. कोणीतरी वरून ओंजळीत ओतील तेव्हा पाणी. ओतणारा कामात असेल, दूर असेल किंवा नाखूश असेल तर तहान तशीच. तासाला लिटरभर पाणी गमावणाऱ्या देहास जे अर्ध्या-अर्ध्या घटकेने थोडे थोडे मिळावयास हवे, ते दिवसातून दोन वेळा दुसऱ्याच्या मर्जीने मिळे. उष्म्याच्या बळींची नोंद त्या काळी कोणी ठेवली नाही. ती ठेवली गेली असती तर तीत जातीनिहाय अंतर दिसले असते, असे अनुमान काढणे वावगे ठरणार नाही.

जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव १९२३ च्या ऑगस्टमध्ये संमत झाला; महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार आपले तळे खुले केल्याचे ठरविले, पण ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले आणि उच्च न्यायालयात त्या हक्काचा निर्णय लागण्यास १९३७ साल उजाडले. या सत्याग्रहाचा अर्थ माणुसकीचा आणि समतेचा आहे, हे सर्वमान्य आहे. परंतु तो हक्क मागणाऱ्यांत बहुसंख्य लोक उन्हात राबणारे होते, त्यांच्या लेखी पाणी ही प्रतिष्ठेइतकीच प्राणाची बाब होती, ही गोष्टही विसरता येत नाही.

माध्यान्हीच्या विश्रांतीचा इतिहास याहून निराळा आहे. कोरड्या प्रदेशात नांगरट व वखरणी पहाटे सुरू होई. मोट तर चांदणीच्या उजेडात जुंपली जाई. सूर्य तापू लागला की औत सुटे, बैल सावलीत बांधले जात, त्यांना पाणी-वैरण होई आणि तिसऱ्या प्रहरानंतर काम पुन्हा चाले. ही विश्रांती मजुरासाठी होती असे मानणे भोळेपणाचे होईल. ती बैलासाठी होती. बैल तापला की धापा टाकतो, तोंडास फेस येतो, जू खाली टाकतो. आणि बैल मेला तर शेतकरी बुडतो. सालगडी बदलता येतो, बैलजोडी विकत घ्यावी लागते. म्हणून मालकाने बैलास दुपारची सावली दिली आणि बैलाच्या मागे चालणाऱ्या माणसाच्या वाट्यास ती अनायासे आली. विहिरीच्या थारोळ्याशेजारी आंबा, जांभूळ किंवा उंबर असे, तोही बहुधा मोटेच्या बैलांच्या सोयीसाठी. खुरपणाऱ्या आणि वेचणाऱ्या स्त्रियांच्या हाताखाली बैल नव्हता. त्यामुळे त्यांच्या दुपारच्या सुटीस असा भक्कम पहारेकरी कधीच लाभला नाही. भाकरी खाण्यापुरती सुटी, आणि झोळीतले मूल झाडाखाली असेल तर त्याला पाजण्यापुरती.

वर्षाचे नियोजनही उन्हाच्या बेताने झालेले होते. कोरडवाहू गावात रब्बीची मळणी आटोपली की चैत्र-वैशाखात शेतातील काम विरळ होई. लग्ने, जत्रा, घरांची शाकारणी यांत ते दिवस जात. वनांलगतच्या चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या भागांत मोहाची फुले उन्हे चढण्यापूर्वी वेचीत आणि तेंदूची पाने पहाटे तोडीत. कोकणात मात्र याच दिवसांत भाताच्या रोपासाठी राब भाजावा लागे. दमट उष्म्यात आगीजवळचे हे काम सर्वांत कष्टाचे, आणि त्यासाठीही पहाटेची वेळच निवडली जाई. सालगड्याचे वर्ष मराठवाड्यात व वऱ्हाडात गुढीपाडव्यास आणि खानदेशात आखाजीस, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडी सुरू होई. धान्य व रोख रकमेशिवाय धोतरजोडी, घोंगडी आणि वहाणांचा जोड देण्याचा करार कित्येक ठिकाणी असे. वहाणांचे महत्त्व क्षुल्लक नव्हते. पुण्याच्या कृषि-हवामान विभागात डॉ. एल. ए. रामदास यांनी १९३२ नंतर जमिनीलगतच्या तापमानाचा जो अभ्यास केला त्यातून, हवेचे तापमान ४० अंश असताना काळ्या जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर तापतो हे दिसून आले. काळ्या मातीवर चुन्याची पांढरी भुकटी पसरली असता ती पुष्कळ गार राहते, हेही त्यांनी प्रयोगाने दाखविले. अनवाणी चालणाऱ्यास या दोन्ही गोष्टींपैकी पहिलीच ठाऊक होती.

या व्यवस्थेस पहिला धक्का पाण्याने दिला, आणि यात एक उपरोध आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. कालव्याखाली उसाची लागवड फैलावली आणि १९५० नंतर सहकारी साखर कारखान्यांनी तिला गती दिली. ऊस उन्हाळ्यात पाणी मागतो. उन्हाळी भुईमूग, आणि भंडारा-गोंदिया भागातील उन्हाळी धान, यांचेही तसेच. जे महिने पूर्वी विरळ कामाचे होते ते बागायती गावांत दाट कामाचे झाले. बीड, अहिल्यानगर, जालना येथील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास निघतो. गाळप लांबले की चैत्रातही त्याच्या हातात कोयता असतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते, मजुरी टनावर असते आणि खाडा झाला तर पैसे कापले जातात. अशा करारात सावलीत बसण्याचा प्रत्येक क्षण मजुराच्या खात्यावर पडतो.

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत उसाच्या फडातील तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे २००२ पासूनच्या वैद्यकीय लिखाणातून उघड झाले. मधुमेह वा रक्तदाब नसताना होणाऱ्या या विकाराच्या मुळाशी पुनःपुन्हा होणारे शरीरशोषण व उष्ण हवेतील अतिश्रम यांचा मोठा वाटा असावा, असे पुष्कळ संशोधक मानतात. तेथे पाणी, विसावा आणि फिरती सावली यांचे प्रयोग उसाच्या फडातच करण्यात आले. ‘उन्हाळे लागणे’ हा तात्पुरता विकार नसून दर हंगामास मूत्रपिंडावर राहणारा घाव असू शकतो, ही जाणीव मराठी वाचकास या दूरच्या उदाहरणावरून व्हावी.

दुसरा प्रसंग १९७२-७३ च्या दुष्काळाचा. पेरण्या बुडाल्या, विहिरी आटल्या आणि सरकारने दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. एवढा जनसमूह वैशाखाच्या उन्हात एकाच वेळी मातीकाम करीत व खडी फोडीत असल्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात सापडणे कठीण. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. जो शेतकरी आपल्या रानात दुपारी औत सोडी, तोच येथे तळपत्या माळावर, जवळपास झाड नसताना, मोजमापावर मजुरी घेत होता. सुकडी व मिलो यांनी उपासमार टाळली, ही त्या प्रशासनाची थोर कामगिरी होय. परंतु त्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारे लोक भुकेइतकेच उन्हाविषयी बोलतात. पोलपाटाएवढ्या सावलीसाठी काठ्यांवर लुगडे टाकून त्याखाली मुले निजविलेली असत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ साली कायद्याचे रूप आले. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली आणि प्रथमोपचार या सोयी त्या योजनेत आल्या, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात विसाव्याचा काळही नमूद झाला, यामागे त्या उन्हाचा अनुभव होता असे म्हणावयास जागा आहे.

खाजगी शेतातील मजुरास असे काही मिळाले नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कारखान्यातील हवा व तापमान यांविषयी नियम घातले, आणि २५० हून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड केलेले पाणी देणे बंधनकारक केले. त्याच वर्षीच्या किमान वेतन अधिनियमात शेतमजुराचा समावेश झाला. पण त्यात होती ती मजुरीची चिंता, सावलीची नव्हे. साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत जो कामगार होता त्यास थंड पाण्याचा कायदेशीर हक्क होता आणि त्याच कारखान्यासाठी फाटकाबाहेरच्या फडात ऊस तोडणाऱ्यास नव्हता, ही स्थिती कित्येक दशके राहिली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २००५ साली, त्या उन्हाळ्यात शेतमजूर दगावल्यानंतर, उघड्यावर काम करणाऱ्यांस पाणी, सावली व विसावा देण्याचा नियम केला. म्हणजे औद्योगिक देशांतही हा विचार उशिराच आला.

बैल गेल्याचा परिणाम मात्र कोणत्याही कायद्यात दिसत नाही. मोटेच्या जागी प्रथम तेलाचे इंजिन आणि मग विजेचा पंप आला. नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला. श्रम कमी झाले यात संशय नाही, आणि मोट हाकण्याच्या कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण यंत्र धापा टाकीत नाही. भाड्याचा ट्रॅक्टर दुपारी एक वाजता आला तर शेतकऱ्यास एक वाजता रानात उभे राहावे लागते. विजेचे तर असे झाले की, पंपांसाठी ती आळीपाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळू लागली. रात्री पाणी देणाऱ्यास ऊन लागत नाही. साप, विंचू आणि काही तालुक्यांत बिबट्या यांची धास्ती असते. म्हणून दिवसा वीज द्यावी ही मागणी जोर धरून राहिली आणि २०१७ साली सुरू झालेल्या सौर कृषि वाहिनी योजनेचा तोच हेतू होता. मोटकरी ज्या पहाटेच्या प्रहरी पाणी काढी, तो उन्हापासूनही दूर आणि किर्र रात्रीपासूनही दूर असा प्रहर होता. यंत्राच्या वेळापत्रकात तो प्रहर विशेष उरला नाही.

उष्म्याच्या पूर्वसूचनेची व्यवस्था गेल्या काही वर्षांत उभी राहिली आहे. अहमदाबाद शहराने २०१० च्या मे महिन्यातील मृत्यूंनंतर २०१३ साली उष्माविरोधी कृती आराखडा तयार केला. नागपुरानेही २०१६ पासून तसा आराखडा अंगीकारला. हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात तापमान किमान ४० अंश आणि सरासरीहून ४.५ अंश अधिक झाले, अथवा प्रत्यक्ष ४५ अंशांवर पोचले, की उष्णतेची लाट मानली जाते. किनाऱ्यासाठी किमान मर्यादा ३७ अंशांची आहे. हे आराखडे मुख्यतः शहरांचे आहेत, आणि हे तापमान जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत मोजलेले असते. उन्हात वाकून खुरपणारी स्त्री ज्या हवेत श्वास घेते ती या पेटीतील हवा नव्हे. अमेरिकन नौसैनिकांच्या प्रशिक्षण-छावण्यांतील आजारांवरून १९५७ साली यॅग्लू आणि मिनार्ड यांनी एक संयुक्त निर्देशांक मांडला. त्यात ओल्या तापमापकास सात दशांश, काळ्या गोलकात ठेवलेल्या तापमापकास दोन दशांश आणि साध्या तापमापकास केवळ एक दशांश वजन दिले आहे. शेतकऱ्यासाठी योग्य ते माप हे; परंतु गावोगाव पोचणाऱ्या सूचनांत आकडा येतो तो त्या शेवटच्या, एक दशांश वजनाच्या तापमापकाचा.

त्याच लष्करी व खाणींतील अनुभवांतून आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली. उन्हातील श्रमाची सवय देहास एक ते दोन आठवड्यांत लागते. घाम लवकर व अधिक येऊ लागतो, त्यातील मीठ घटते, नाडी मंद राहते. ही सवय काम सुटल्यावर काही आठवड्यांत जाते. म्हणून उष्माघाताचे बळी बहुधा पहिल्या काही दिवसांत पडतात : शहरातून गावी परतलेला तरुण, आजारातून उठलेला मजूर, बाळंतपणानंतर कामावर आलेली स्त्री. सालगडी वर्षभर त्याच रानात असे, त्यामुळे फाल्गुनापासून चढत जाणाऱ्या उन्हाबरोबर त्याचा देहही तयार होत जाई. चार दिवसांच्या उक्त्या कामासाठी टेम्पोतून दुसऱ्या तालुक्यात नेल्या जाणाऱ्या मजुरांच्या टोळीस ते आठवडे मिळत नाहीत, आणि तिच्या मुकादमाच्या वहीत माणसांची संख्या, कामाचे क्षेत्र व उचल या तीन गोष्टींसाठीच रकाने असतात.